सातला पाच कमी

साडेपाचला मी वर पोचले तेव्हा
बेर्नात लास्सेर तळ्याकाठी बसलेला,
तंबू पिशवीत, पिशवी मांडीवर,
दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

मी वर्दीत. खिशात दंडाची वही.
नियम त्यानेच मला म्हणून दाखवले, पाढे म्हणावेत तसे :
संध्याकाळी सातच्या आत तंबू नाही,
सकाळी नऊनंतर तंबू नाही,
रस्त्यापासून तासाभराची चाल,
एका जागी एकच रात्र.
"पूर्वी दीड तासात यायचो," म्हणाला,
"आज चार लागले. बसतो ना मी नियमात?"

स्पेनच्या बाजूने ढग खिंड ओलांडत होते.
मी म्हटलं, लावा आता, पाऊस येतोय,
इथे कोण बघतंय?
"तू बघतेयस की."

मग आम्ही दोघंही बसलो.
अभयारण्याची पाटी लागायच्या आधी
या खडकाच्या आडोशाला त्याने अकरा उन्हाळे काढले होते,
एकशे साठ मेंढ्या, एक कुत्री,
आणि चीजच्या चक्त्या दर रात्री उलटायच्या.
चुकवली तर एका अंगाने सडते, म्हणाला,
माणसासारखी.
त्याच्या वाटचं गवत मी आता कागदावर मोजते
ही गोष्ट दोघांपैकी कुणीच काढली नाही.

सातला वीस कमी असताना पाऊस आला.
तो हलला नाही.
माझी बरसाती दोघांना पुरली नाही,
त्याचा डावा खांदा, माझा उजवा भिजत राहिला.
सातला पाच कमी असताना मी पुन्हा म्हटलं.
त्याने मनगट माझ्यापुढे धरलं, काचेवर थेंब,
आतला काटा अगदी संथ.

तंबू तीन मिनिटांत उभा.
मला खाली जायला उशीर झाला होता
म्हणजे मी तसं ठरवलं होतं.
माझी झोपायची पिशवी पसरली खडकाला लागून, उघड्यावर.
त्याने भांडं तळ्यात विसळलं नाही,
पावाच्या तुकड्याने पुसलं, तुकडा खाल्ला.
रात्री एकदा उठला, हातात छोटं खुरपं,
पाण्यापासून लांब जाताना पावलं मोठ्याने मोजत,
बासष्ट, त्रेसष्ट,
मी अंधारात तोंड दाबून हसले.
मग पाऊस थांबला. इतकं शांत झालं
की झोप येईना.
"घंटा नाहीत ना," तंबूतून आवाज आला. "मलापण नाही येत."

सकाळी तो गवतात वाकून काहीतरी शोधत होता.
चुलीचं कडं. त्याचंच, चाळीस वर्षांपूर्वीचं,
अर्धं मातीत बुडालेलं.
त्यात कुणीतरी हल्लीच डबे जाळले होते.
डबे त्याने पिशवीत भरले, न बोलता.
मग एकेक दगड उचलून
जिथून आणला होता तिथे ठेवू लागला,
काजळी खाली, दगडफूल वर,
कुशीवर झोपलेल्या पोराला सरळ करावं तसा.
सहा दगड गेले आपापल्या घरी.
सातवा हातात घेऊन उभा राहिला.
ओढ्याकडे गेला, परत आला,
खडकामागे बघून आला.
"आठवत नाही," म्हणाला. पहिल्यांदाच म्हातारा दिसला.

नऊला दहा कमी होते. तंबू केव्हाच गुंडाळलेला.
दगड त्याने माझ्या हातात दिला, वर्दीतल्या माणसाकडे
सापडलेलं पाकीट जमा करावं तसा,
आणि गुडघा धरत उतरू लागला.

तो झोपला होता तिथलं गवत चौथ्या दिवशी उभं राहिलं.
मी पाहून आले, वहीत टिपलं : काही नाही.
दगड अजून तिथेच आहे.
दर फेरीत मी तो उचलते, दुसरीकडे ठेवून बघते,
चार पावलं मागे सरते.
नाही.