काठ कुठंय

वडगावात पाचच्या आधी पॉवरलूम सुरू होतात.
भिंत थरथरते, कपातला चहा थरथरतो.
माझ्या खोलीतला मागाचा खड्डा मात्र बुजवलाय,
वर शहाबादी फरशी,
फरशीवर तीन पायांची लाकडी घोडी
आणि घोडीवर एक ओलं पिवळं,
ज्याचं माप मी घेतलेलं नाही.

एकतीस वर्षं मोजत आले.
फणीत किती घरं, घरात किती तारा,
ताणा किती वार, खळ किती घट्ट.
लोकर, ताग, केळीचं सूत, इरकलीच्या चिंध्या,
सगळं विणून भिंतीवर टांगलं.
लोक जवळ येऊन हात लावायचे,
मला ते आवडायचं.

पण धाग्यात सगळं आधी ठरवावं लागतं.
लाल पाहिजे तर लाल कांडी भरून ठेवायची.
गंगव्वा रहाटावर बसायची, दोन लडी वर धरायची,
"केंपू? ह्यो का त्यो?"
आणि मला दिसायचा तो लाल
ह्याच्या आणि त्याच्या मधला,
खानापूरच्या वाटेवर भट्टीतून नुकत्याच काढलेल्या
कौलाच्या पोटातला.
तो कुठल्याच लडीत नव्हता.
ह्यो म्हणायचे. ह्यो तर ह्यो.

रविवार पेठेत शाळेच्या वह्यांच्या मागे
सहा ट्यूबा धूळ खात होत्या.
"पोरासाठी?" दुकानदारानं विचारलं.
होय म्हटलं.
मला पोर नाही.

पहिले तीन महिने मी ब्रशानं विणतच होते.
आडव्या रेघा, उभ्या रेघा,
एक वर, एक खाली,
कापडावर पुन्हा कापड.
मग एका दुपारी लाइट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प,
आणि त्या शांततेत माझा हात
मोजणं विसरला.
निळ्यात तांबडं शिरलं, कुणी अडवलं नाही.
मी पण नाही.

माग चूक उसवू देतो,
चार ओळी मागे जा, धागा पुन्हा स्वच्छ.
तेलरंग तसा नाही.
सुरीनं खरवडलं तरी खाली सावली उरते,
काल काय वाटलं होतं त्याची.
मला त्याची लाज वाटायची.
अजून वाटते, थोडी.

आणि तेलाची ती बाटली!
झाकण काढलं नि खोलीभर चटणीचा वास.
बाटलीवर परदेशी अक्षरं,
आत आपली अगसी, जवस,
आई तव्यावर तडतडवायची ती.
पुढे कुठंतरी वाचलं,
त्याच रोपाच्या देठातून सूत निघतं,
बियांतून तेल.
म्हणजे इतका गाजावाजा करून घर सोडलं
आणि पोचले कुठं,
तर शेजारच्या खोलीत.

काल गंगव्वा आली. आता ती कांड्या भरत नाही,
बचत गटाचे पैसे गोळा करते.
चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली.
"छान हाय. पण ह्यात काठ कुठंय गं?
काठ नाही, पदर नाही,
नेसायचं कुठनं?"

ह्या गावात काठाचा प्रश्न
इतक्या सहज कुणी विचारत नाही.
पाट्या, मोर्चे, कोर्टाच्या तारखा,
दोन्हीकडची माणसं रेघ कुठं ते सांगून दमली,
आणि ही बाई
एका वाक्यात दोन भाषा बोलत
माझ्या पिवळ्यात रेघ शोधतेय.

"काठ नाही गंगव्वा," मी म्हटलं,
"जिथं रंग संपला तिथं संपला."
"हां," ती म्हणाली, आणि जुन्या सवयीनं
सूत बघावं तसं
अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत
रंग धरून बघितला.
ओला होता.

आज सकाळी फोन. पाठीमागे खटखट, कुकर, नातू.
"रॉकेल लावलं, राख लावली,
निघंना की गं हे बण्ण.
भाकरीला पण लागलंय."

खाल्लीस काय ती, मी विचारलं.

"नाही," म्हणाली. "खिडकीत ठेवलीया. बघाय."