खर्च : निरंक

स्टोअरच्या वहीत दोन महिने
तीन पॉइंट पंधराच्या रॉडपुढे मी लिहितोय : निरंक.
एकोणीस वर्षांत हा शब्द
फक्त संपात लागला होता.

बाक क्रमांक चारवर आता
पत्रा नाही, ठिणगी नाही.
हेल्मेटच्या आत एक निळी रेघ
आणि हातात वजन नसलेला होल्डर.
शर्वी भुवड त्या रेघेवरून चालते
जशी तिची आई मासळीची पाटी घेऊन
होडीच्या फळीवरून.
गुण : चौऱ्याण्णव.

मी शिकवायचो कानाने.
आर्क नीट लागला की आवाज यायला हवा
तापल्या तव्यावर बांगडा टाकल्यासारखा.
यंत्रातूनही तसाच येतो,
पण दर वेळी तोच बांगडा.

मार्चमध्ये कंपनीचा पोरगा आला, रेडकर, मालवणचा.
माझ्या मनगटाला पट्टा बांधून म्हणाला,
तुम्ही फक्त जोड मारा, सर,
हात आम्ही उचलून घेतो.
बारा जोड मारले.
पडद्यावर माझा हात, हिरवा,
शेवटाशेवटाला थरथरणारा.
एवढं पुसून टाकू, म्हणाला.
म्हटलं, राहू दे. डावीकडून वारा होता.
त्याने रकाना शोधला.
वाऱ्याला रकाना नव्हता.

काल तिला वेलदूरच्या धक्क्यावर नेलं.
बार्जचा पत्रा, पोटाला गंज,
रॉडचं पाकीट रात्रभर उघडं.
पहिलाच जोड उठला आंबोळीसारखा,
जाळीच जाळी.
तिने काच वर केली,
सवयीने उजव्या कोपऱ्यात पाहिलं,
जिथे गुण येतात.
तिथे खाडी होती
आणि धोपाव्याकडे निघालेली फेरीबोट.

मी गप्प.
तिने खाली बसून जोड बोटाने चाचपला,
चटका बसला, बोट तोंडात घातलं.
मग पाकिटातले दोन रॉड काढून
कानाशी एकमेकांवर वाजवले,
असोला नारळ हलवून बघावा तसे, मान तिरकी करून.
"बद्द वाजतायत, सर. ओले आहेत."
हे यंत्रात नाही.
आणि मी तर अजून
त्या धड्यापर्यंत आलोच नव्हतो.

आज वहीत लिहिलं : रॉड, अकरा. बाद.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन अडलं,
मग लिहिलं : हवा खारी.
प्राचार्य विचारतील,
भाटकर, ही कुठल्या हेडखाली टाकायची?