साखरझोप

पावणेसहा. बाहेर उणे तेवीस,
आत नऊ पूर्णांक चार.
दोन्ही आकडे मी एकाच वहीत लिहिते, शेजारी शेजारी.
टपालखात्यात एकतीस वर्षं काढल्यावर
रकाना मोकळा सोडवत नाही.

कायानीत जानेवारी महिन्यात उजाडतं साडेनऊला,
तेही उजाडल्यासारखं.
दिवा न लावता मला सगळं सापडतं:
डबी, पट्टी, सुई,
डाव्या हाताची अनामिका.
ती आता सराईत झालीय, हूं की चूं करत नाही.

काल रात्री खाल्लं काय मी?
काळ्या पावाची एक चकती, लोणी खरवडून काढलेलं,
आणि वाफवलेला मासा, ज्याच्याकडे बघून
मांजरानंही मान फिरवली असती.
तरी नऊ पूर्णांक चार.
जेवून कोण जातं कळत नाही,
भांडी मात्र मी घासते.

नर्स साइया म्हणाली, हे खाण्याचं नाही, राइली.
पहाटे तीन-चारला यकृत उठतं,
कोठारातली साखर काढून रक्तात सोडतं,
आता कुणीतरी उठेल, कामाला लागेल म्हणून.
मी म्हटलं, त्याला सांगा, मी निवृत्त झालेय.
ती हसली.
मी नाही हसले.

कारण तीनला उठणारा माझ्या ओळखीचा एकच होता.
ओइवा. फावडं घेऊन बाहेर जायचा,
माझ्या टपालगाडीपुढचा बर्फ उपसायचा,
थर्मासमध्ये कॉफी भरायचा आणि तीन खडे साखर.
नको म्हणून मी किती वेळा भांडले.
तो म्हणायचा, ढवळू नकोस, मग लागत नाही गोड.
सहा वर्षं झाली त्याला जाऊन.
यकृताला कुणी कळवलेलं दिसत नाही.

परवाची गोष्ट वहीत नीट मावली नाही.
तीन वाजून दहा मिनिटं. भिंतीपलीकडे फोन ओरडत होता.
पलीकडे नीलो राहतो, वय नऊ,
दंडावर पांढरं बटण, खाली इवलीशी तार.
साखर उतरली की बापाचा फोन बोंबलतो.
बाप यार्मो मालगाडी हाकून आलेला, दगड होऊन पडलेला,
आई इस्पितळात रात्रपाळीला.
फोन थांबला. पुन्हा सुरू झाला.
मी लाटणं काढलं
(पाय बंद झाल्यापासून त्याला काम नव्हतं)
आणि भिंत बडवली.
ओइवानं लावलेलं घड्याळ खाली पडलं,
तरी बडवत राहिले.

मग पावलं. फ्रिजचं दार.
"पी. सगळं पी."
भिंतीला कान लावून मी उभी,
एका पोराचा घोट मोजत.

सकाळी माझे अकरा पूर्णांक दोन.
साइया विचारणार, काय खाल्लंत?
आठ वाजता दारात नीलो, टोपी कानांवर,
हातात तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी कागदात गुंडाळलेलं काही.
"रात्री माझे दोन पूर्णांक नऊ झाले होते.
आता दहा. तुझे किती?"
"अकरा."
"म्हणजे तू जिंकलीस," तो म्हणाला
आणि बेरीच्या रसाची एक छोटी डबी
माझ्या हातावर ठेवून जिना उतरला.
"तुझ्या फ्रिजमध्ये असू दे. कधी लागली तर."

डबी अजून फ्रिजमध्ये आहे, दाराच्या कप्प्यात.
घड्याळ दुरुस्तीला दिलंय.
शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी मी लिहिलं: भिंत.
आणि खाली, पेन्सिलीनं,
खोडता यावं म्हणून:
कुणीतरी उठलं होतं खरंच,
कामाला लागलं होतं.

आज आठ पूर्णांक सात.
बाहेर उणे एकोणीस.
फावडं अजून शोधायचंय.