म्यूला एकक नसतं

वहीत पहिली ओळ सगळ्या वर्गानं तीच उतरवली:
समजा, पृष्ठभाग घर्षणरहित आहे.

घरी येऊन मोठ्यानं वाचली.
आई वेणी घालत होती, चामड्याच्या सात बारीक पट्ट्यांची,
आठवी दातांत.
ती काढून म्हणाली, "तिथं गाठ कशी बसायची गं?
टाका घातला की सुटला.
असल्या गावात आमचं काय काम?"

त्या आठवड्यात महाद्वार रोडवरनं
नऊ जोड परत आले होते.
गिऱ्हाइकाच्या घरी गुळगुळीत फरशी. सरकतात म्हणे.
बाबा त्या जोडांकडे बघत नव्हते,
बघत नाही हे मात्र आम्हाला दिसत होतं.

हुपरीकर बाईंनी स्प्रिंगकाटा दिला,
एका रात्रीपुरता, रजिस्टरात सही घेऊन.
परत आलेल्यातली एक उचलली. डाव्या पायाची, नऊ नंबर,
तीनशे ग्रॅम, म्हणजे दोन पूर्णांक चौऱ्याण्णव न्यूटन.
अंगठ्यात हूक अडकवला, घरच्याच फरशीवर ओढली.

अर्धा न्यूटन. ढिम्म.
आठ दशांश. ढिम्म.
जेवढं मी ओढते तेवढंच ती फरशी उलट ओढते,
वाटीभर साखर नेली की
वाटीभरच परत करणाऱ्या शेजारणीसारखी.
एक पूर्णांक दोनला शेजारणीचा डबा संपला.
चप्पल निघाली,
आणि निघाल्यावर काटा मागं आला, नऊ दशांशावर.
हलवायला जास्त लागतं, हलती ठेवायला कमी.
हे बाई दोन तास फळ्यावर सांगत होत्या.

मग चपलेवर गुळाचा रवा ठेवला, एक किलोचा.
धाकट्यानं कोपरा मोडून खाल्ला,
त्याला एक धपाटा, आणि दुसरा रवा.
आता पाच पूर्णांक दोन लागले.
भागाकार केला, तर उत्तर जुनंच: एक्केचाळीस शतांश.
ओझं चौपटीवर वाढलं,
चपलेचा आणि फरशीचा आपसातला व्यवहार
तसूभर बदलला नाही.

बाबा केव्हाचे मागं उभे होते.
"काय म्हणतो तुझा काटा?"
मी म्यू सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे कमी?"
मी म्हटलं, कमी-जास्त कशाच्या मानानं, ते सांगा.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
अंगणातली वीट आणली,
तळव्यावर आडवे दहा-बारा हात मारले,
फुंकर घालून भुकटी उडवली
आणि चप्पल माझ्या पुढ्यात टाकली. "आता बघ."

एक पूर्णांक सहा.
भागिले दोन पूर्णांक चौऱ्याण्णव.
चोपन्न शतांश.

बाबांनी तो आकडा
खडूनं दाराच्या चौकटीवर लिहिला,
जिथं चामड्याचा भाव लिहितात, त्याच्या खाली.

प्रयोगवहीत माझा अर्धा गुण गेला.
मी लिहिलं होतं: म्यू बरोबर शून्य पूर्णांक चोपन्न न्यूटन.
बाईंनी लाल शाईनं न्यूटनभोवती गोल केला:
वर न्यूटन, खाली न्यूटन, दोन्ही कटले.
म्यूला एकक नसतं.
आईला सांगितलं, तर ती म्हणाली,
"मग ते मापायचं तरी कशात?"
मी म्हटलं, एकाला दुसऱ्यात.
ती पुन्हा वेणीकडे वळली.

अजून आठ जोड बाकी होते, आणि नवव्याचा उजवा पाय.
त्या रात्री मी प्रकाशाचा धडा काढला.
बाहेर विटेवर चामडं घासल्याचा आवाज,
दहा-बारा हात, मग फुंकर,
दहा-बारा हात, मग फुंकर.
सतरा तळवे. मोजत मोजत झोप लागली.