टेबलाखालची जागा

इम्तियाज तपकीर गल्लीतून डबा घेऊन आला,
अर्धा किलो चक्क्याचा असतो तेवढा.
"काकू, हाच कॉम्प्युटर."
मी त्याच्या मागे पाहिलं,
बाकीचा जिन्यात राहिला असेल म्हणून.

जुना एकोणीस वर्षं टेबलाखाली होता.
सहकारनगरच्या या घरात
फ्रीजच्या खालोखाल जड तोच.
त्याचं बटण दाबून मी कुकर लावायची,
दुसऱ्या शिट्टीला तो माझं नाव विचारायचा.
डिसेंबरात त्याच्या पाठीला पाय टेकून
लोकांचे प्रबंध टाइप केले,
मुंजीच्या पत्रिका, सोसायटीच्या नोटिसा
(कुंड्या कठड्यावर ठेवू नयेत.
पुन्हा एकदा: ठेवू नयेत).
गुरुवारी लाइट गेली
की यूपीएस भुकेल्या पिल्लासारखा ओरडायचा
आणि कुणाची तरी वेलांटी तशीच टाकून
मी आधी सेव्ह करायची.

इम्तियाजनं त्याचा पत्रा काढला.
आत तांदळाचे दोन दाणे,
एक पाल, कधीची, कागद झालेली,
आणि धूळ,
उसवलेल्या गादीतून निघते तशी, मऊ.
"यात आता काही राहिलं नाही, काकू."
तरी त्यानं डिस्क सोडवली,
ओढणीनं पुसायला गेले तर म्हणाला, नको,
आणि वायरीनं ती नव्याला जोडली.

फायली आल्या. नावं जशीच्या तशी.
ढमढेरे मृत्युपत्र. ढमढेरे मृत्युपत्र नवीन.
ढमढेरे अंतिम. ढमढेरे अंतिम दोन.
ढमढेरे आता खरंच अंतिम.
दर दिवाळीनंतर यायचे,
चपला दाराच्या आत काढायचे,
खुर्चीच्या काठावर बसून
धाकट्याला कधी आत घ्यायचे, कधी बाहेर काढायचे.
पानाला बारा रुपये.
दुरुस्तीचे मी घेत नसे.

उघडलं तर पानभर
टक्के, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं,
डोक्यावर टोपी घातलेला ए.
"फॉन्ट जुना आहे, हा छोटा ओळखत नाही.
महत्त्वाचं आहे का काही?"
मी म्हटलं, चहा ठेवते.

तो गेल्यावर परत बसले.
डोळ्यांना लागेना, म्हणून बोटांना विचारलं.
टक्का म्हणजे शिफ्ट धरून डावी तर्जनी.
तिथं ध होता.
डॉलर त्याच्या शेजारचा.
बोटं टेबलाच्या लाकडावरच चालू लागली,
सनमायका जिथं उडालाय तिथं अडखळत,
आणि एकेक अक्षर
खालून वर येत गेलं:
धाकट्यावर माझा राग नाही.
भिंतीवरचं घड्याळ त्याला.

हे सहाव्यातलं.
सातव्याला ते म्हणाले, ती ओळ काढा, बाई.
मी काढली. काढायचं म्हटलं की काढायचं,
धंदा असाच चालतो.
जानेवारीत गेले. सही सातव्यावर.
धाकट्याचं सातारा रस्त्याला टायरचं दुकान आहे,
रिक्षातून दिसतो कधीमधी,
कमरेवर हात ठेवून कुणाची तरी हवा बघताना.
घड्याळ कुणाकडे गेलं
ते मी कसं विचारणार?

छोट्याला त्याच्या ओळखीचा फॉन्ट दिला
आणि ती एवढीच ओळ टाइप केली.
त्याचा आवाज येत नाही.
चालू आहे की नाही, हात लावून बघावं लागतं.
आज गुरुवार. लाइट अजून आहे.
कर्सर राग नाहीच्या पुढं उघडमीट करतोय,
मी अजून सेव्ह केलेलं नाही,
आणि टेबलाखाली, फरशीच्या त्या
न मळलेल्या चौकोनात,
पाय टेकायला काहीतरी शोधतायत.