पाट

शोरूमला जाताना आप्पांसाठी पाट घेतला,
देवघरातला नाही, न्हाणीतला, फणसाचा.
गुडघा बदलून आठ महिने झालेत
आणि या जीपची पायरी माझ्याच मांडीला लागते.

विक्रीचा पोरगा, वैभव मगदूम,
बोनेटवर थाप मारून म्हणाला,
"डोंगर चढतीया मॅडम, डोंगर."
कुठला डोंगर?
घर ते ऑफिस साडेतीन किलोमीटर,
वाटेत नऊ गतिरोधक, त्यातले दोन गल्लीनं स्वतःच घातलेले.
मी विम्याच्या दाव्यांच्या फायली बघते,
गाड्या मला बहुतेक चेपल्यावरच भेटतात.

पण ही उभी होती
तालमीत नाव घातलेल्या, माती अजून न लागलेल्या
पोरासारखी, दंड फुगवून.
मला हसू आलं, आणि हवीशीही वाटली.

आप्पांनी पाटावर पाय ठेवला,
वरची मूठ धरली,
"चला" म्हणाले, बहुधा गुडघ्याला,
आणि बसले.

मिरजकर तिकटीपर्यंत ठीक.
मग आमची गल्ली.
अल्टो जिथं एका दमात वळते
तिथं हिला तीन दम लागले.
पहिल्याला कोथिंबीरवालीनं पाटी मागं ओढली,
दुसऱ्याला इंगवल्यांनी स्कूटर,
तिसऱ्याला गॅलरीतून कुणीतरी
"येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!"
मागची काच अर्धी स्टेपनीनं खाल्लेली,
त्यामुळं त्या आवाजावर विश्वास ठेवणं आलं.
संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला कळलं
की मी गाडी बघतेय.

उद्यमनगरात बाबालाल मुजावरनं
खाली वाकून बघितलं, हात पुसले.
"गाडी चांगलीच हाय ताई.
पण क्लच जड, गावात पाय भरून येणार.
आणि चार चाकांचा दांडा
महिन्यातनं एकदा तरी ओढाय लागतोय,
न्हाईतर धरून बसतोय.
माणसाचं बी तसंच."
शेवटचं वाक्य तो सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणतो.

मागच्या वर्षी मी रस्ता सोडून किती वेळा गेले?
दाजीपूरला एकदा, तेही वाट चुकून.
एकदा पन्हाळ्याखाली साखरपुड्याला,
पार्किंग उसाच्या रिकाम्या वावरात होतं.
झालं.
लिटरला दहा म्हणाला मगदूम,
म्हणजे आठ धरायचे.

"आणि अर्ध्या मीटर पाण्यातनं जाती."
इथं मी थांबले.
शाहूपुरीत मावशीच्या भिंतीवर पेन्सिलची रेघ आहे,
स्विचबोर्डाच्या वर एक वीत.
त्या आठवड्यात अर्धा मीटर
हा कुणाच्याच कामाचा आकडा नव्हता.
गल्लीत होडी आली होती.
मावशी खिडकीतून उतरली
ती टीव्हीचा रिमोट घेऊन. टीव्ही आतच.

तेव्हा नको, असं ठरत आलं होतं.
परतताना रंकाळ्याकडून घेतली, उगीच,
ती गर्दीत कशी चालते बघायला.
अल्टोतून इथं
भेळेच्या गाड्यांची चाकं दिसतात
आणि उभ्या माणसांचे गुडघे.
मी गिअरशी भांडत होते.
आप्पा म्हणाले, "अगं, पाणी."

छतांच्या वरून, खरंच, पाणी.
काठाला जलपर्णी, मधे राखाडी उजेड,
विशेष काही नाही.
आप्पा मान वळवून बघत राहिले,
गुडघ्यावरचा हात त्यांनी काढला होता.
मागून हॉर्न वाजला, मी दुसरा टाकायला गेले
तर चौथा पडला, गाडी गचकली,
त्यांनी तेही चालवून घेतलं.

हप्ता अठरा हजारांच्या वर.
महिन्याला सव्वीस संध्याकाळी धरल्या
तर एका वेळच्या पाण्याचे सातशे.
हा हिशेब मी कुणाला दाखवलेला नाही.

सोमवारी सांगते म्हणाले.
आज बुधवार.
सकाळी न्हाणीत आप्पा उभ्यानंच अंघोळ करताना
मगदूमचा फोन आला.
मी म्हणणार होते, अजून ठरलं नाही.
तो म्हणाला,
"मॅडम, तुमचा पाट राहिलाय हितं."