सोमवारची घडी

फसवणूक झाली म्हणून नाही.
ते तर मला अकराव्या वर्षीच कळलं होतं,
हॅमिल्टनमध्ये, बार्टन स्ट्रीटवरच्या डोनटच्या दुकानामागे.
उणे चौदा. बाबांची गाडी सुरू होईना
आणि पलीकडच्या निळ्या व्हॅनमध्ये
डॉक्टर व्हल्कन, ज्याने अर्ध्या तासापूर्वी
जिमी लाफ्लॅमचं डोकं लोखंडी खांबावर आपटलं होतं,
त्याच जिमीला थर्मासमधली कॉफी ओतून देत होता.
झाकणात. जपून.
सांडू नये म्हणून दुसरा हात खाली धरून.

बाबा म्हणाले, बघू नकोस.
मी बघितलं.
भांडण लुटुपुटूचं, कॉफी खरी,
एवढं मला पुढची पन्नास वर्षं पुरलं.

शाळेत मुली म्हणायच्या, ड्रागित्सा, सगळं ठरलेलं असतं गं.
ठरलेलं तर सगळंच होतं:
बाबांची पोलाद कारखान्यातली रात्रपाळी,
शुक्रवारचा मासा,
मोठी खोली भावाला.
निदान इथे पडणारा माणूस
कसं पडायचं ते शिकून यायचा.
हनुवटी छातीशी, पाठ सपाट, तळवा फटकन जमिनीवर.
आवाज तळव्याचा असतो. लोकांना वाटतं हाडांचा.

मिलान हसला म्हणून मी त्याच्याशी लग्न केलं नाही.
(आणखीही कारणं होती.)

मग झालं काय?
आतषबाजी वाढली, हे खरं.
माणसं वीस-वीस मिनिटं माईकवर बोलू लागली.
निवृत्त झालेले परत आले, पुन्हा निवृत्त झाले, रडले.
मीही रडले दोनदा,
तिसऱ्यांदा नुसतं नाक शिंकरलं.
पण त्यांना बोल लावणं बरं नव्हे.
ही पोरं जुन्यांपेक्षा उंचावरून उड्या टाकतात,
त्यांचे गुडघे माझ्या आधी जातील.

झालं ते एवढंच:
मार्चमधला सोमवार, शेवटची मोठी कुस्ती,
दोघंही दोरांवर चढलेले,
आणि तळघरात ड्रायरची घंटा वाजली.
मी उठले.

चादरी गरम होत्या. एकीत तोंड खुपसून जरा उभी राहिले.
मग घड्या. मग मोज्यांच्या जोड्या.
एक करडा मोजा एकटाच उरला,
त्याच्या जोडीदारासाठी ड्रायरच्या मागे
कोपरापर्यंत हात घालून बसले, धुळीत.
वर आले तेव्हा हवामान सांगत होते,
रात्री तलावावरून बर्फ.
कोण जिंकलं, मी विचारलं नाही.
घरात विचारणार कोणाला, ते सोडा.
मनातल्या मनातही नाही.

अंथरुणात आठवलं आणि धस्स झालं,
गॅस बंद केला की नाही आठवत नाही, तसं.
उठून वही काढली.
प्रत्येक निकाल, तारखेसह, एकवीस वह्या.
तारीख घातली.
पुढे पेन टेकवून ठेवलं तर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मंगळवारी थंडर बेहून भाच्याचा फोन.
"आत्या, पाहिलंस?"
"पाहिलं की," मी म्हटलं,
आणि हीच माझ्या आयुष्यातली पहिली नुरा कुस्ती.

आन्ते सांगत सुटला.
उजव्या कोपऱ्यातून कसा आला, पंच कसा नेमका पाठमोरा,
खुर्ची, शिडी, पुन्हा खुर्ची.
बत्तीस वर्षांचा बाप्या, पण आवाज असा
की माझ्या खांद्यावर बसून पाहायचा तेव्हाचा.
मी जागच्या जागी "अरे देवा" म्हणत गेले,
"मग? मग रे?"
पडणाऱ्यानेच मारणाऱ्याला मोठं करायचं असतं,
लाफ्लॅम त्यात उस्ताद होता.

"एक," आन्ते ओरडला, "दोन," आणि श्वास धरला,
आणि "तीन" म्हणाला तेव्हा
मी स्वयंपाकाच्या टेबलावर तळवा फटकन आपटला.

"काय पडलं गं?"
"काही नाही," मी म्हटलं. "तू सांग."